मोमोची लाल चटणी: चुलीवर, पाट्यावर, घरच्या घरी

मोमो उकडणं आपल्याकडच्या बायांना शिकवावं लागत नाही. नागपंचमीला तवा चढवायचा नाही म्हणून पुरणाची दिंडं उकडणारे हात आहेत हे. गंजात पाणी, वर चाळणी, चाळणीला तेलाचं बोट, झाकण घट्ट. पहिल्या खेपेला पारी जाड होते, दुसऱ्या खेपेला जमते. अडतं ते चटणीपाशी.

आमच्या घरी पहिल्यांदा केले तेव्हा मोमो छान उतरले. चटणीची वाटी पुढे ठेवली, भाचीनं एक मोमो बुडवून खाल्ला आणि म्हणाली, "मामी, हे तं वांग्याच्या भाजीची तर्री झाली." तिचं बरोबर होतं. मी हाताच्या सवयीनं मोहरी-जिऱ्याची फोडणी घातली होती, हळद टाकली होती, वरून घरचा काळा मसाला चमचाभर. चव वाईट नव्हती, पण ती भाकरीसोबत खायची चव होती. मोमोचं सारण त्या मसाल्याखाली पार दबून गेलं.

त्यानंतर कितीतरी वेळा केली तेव्हा हात बसला. गावात राहून, किराण्याच्या एका दुकानात जे मिळतं तेवढ्यात, लाइट असो नसो, ही चटणी कशी करायची ते इथे सांगते. ज्यांनी कधीच केली नाही त्यांच्यासाठी लिहिते आहे, त्यामुळे बारीकसारीक गोष्टीही सांगेन.

आधी चटणीचं काम समजून घ्या

मोमो तिबेट-नेपाळकडचा पदार्थ. सारणात कोबी, कांदा, आलं, मीठ, नाहीतर खिमा. मसाले जवळजवळ नाहीतच. वरची मैद्याची पारी तर अळणीच म्हणायची. म्हणजे तिखट, आंबट, खारट हे सगळं चटणीनं आणायचं, आणि आणूनही कोबी-आल्याची चव झाकायची नाही. म्हणून या चटणीत हळद नाही, धणेपूड नाही, गरम मसाला नाही, मोहरीची फोडणी नाही. मिरची, भेदरं (म्हणजे टमाटे), लसण, मीठ, आंबट. एवढंच. तिबेटी लोक तिखट मिरचीच्या चटणीला सेपेन म्हणतात. नेपाळात मोमोसोबतच्या चटणीला अचार म्हणतात, पण तो आपल्या लोणच्यासारखा मुरवलेला नसतो. भेदरं, तीळ, मिरची वाटून त्याच दिवशी करायचा ओला प्रकार असतो.

आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात हा पदार्थ तसा परका नाही. गोठणगावजवळ तिबेटी लोकांची नोरग्येलिंग वसाहत आहे, १९७२ साली वसलेली. तेव्हा हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता, गोंदिया जिल्हा १९९९ साली वेगळा झाला. धानाच्या बांध्यांच्या मुलखात गोम्पा, म्हणजे त्यांचा बौद्ध मठ, आणि त्याच्या रंगीत पताका बघत आमची पिढी मोठी झाली. मोमोच्या गाड्या मात्र आमच्या बाजारात अलीकडे आल्या, आणि त्या शहराकडून आल्या.

आता खरी उपयोगाची गोष्ट. चुलीच्या निखाऱ्यात भाजलेल्या भेदऱ्याची चटणी आपण सगळ्याच करतो. भेदरं, लसण, मिरची, मीठ, सांबार (म्हणजे कोथिंबीर), पाट्यावर रगडलं की झालं. मोमोची चटणी हिची सख्खी बहीण आहे. हिच्यात हिरव्या मिरचीच्या जागी लाल सुकी मिरची येते, सांबार राहिला तरी चालतो, आणि ती थोडी सैल असते. हे एकदा डोक्यात ठेवलं की हात आपोआप फोडणीच्या डब्याकडे जात नाही.

काय काय लागेल

चार जणांचे पंचवीस-तीस मोमो धरा. त्यासाठी मध्यम आकाराची चार भेदरं, म्हणजे ४०० ग्रॅमच्या आसपास. लाल सुक्या मिरच्या १०. लसणाच्या पाकळ्या ८ ते १०, गावरान बारीक लसण असेल तर १५. अद्रकाचा अर्ध्या बोटाएवढा तुकडा. तेल एक मोठा चमचा. मीठ चहाचा पाऊण चमचा, साखर किंवा गूळ चहाचा एक चमचा, व्हिनेगर चहाचे दोन चमचे किंवा अर्ध्या लिंबाचा रस. सोया सॉस असेल तर चहाचा एक चमचा. नसला तरी अडत नाही. एवढ्यात दीड वाटी चटणी होते.

मिरचीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण चटणी बिघडते ती इथेच. आपल्या घरातली मिरची तिखट असते. भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि तिचा जाळ ज्यानं खाल्ला त्याला वेगळं सांगायला नको. दहाच्या दहा मिरच्या अशा घेतल्या तर लेकरं वाटीला हात लावणार नाहीत. चारच घेतल्या तर चटणी फिकी, भगव्या रंगाची होते आणि मिरचीचा तो भरलेला स्वाद येत नाही. यावर उपाय म्हणजे रंग एका मिरचीचा आणि तिखटपणा दुसरीचा घ्यायचा. सात ब्याडगी, तीन घरची. ब्याडगी सुरकुतलेली, लांब, गडद लाल असते. तालुक्याच्या किराण्यात शंभर ग्रॅमसुद्धा सुटी देतात.

ब्याडगी मिळाली नाही तर घरच्याच दहा मिरच्या घ्या, पण पोट साफ करून. मिरचीचा जाळ बियांत असतो असं सगळे म्हणतात. तो खरा असतो बियांना धरून ठेवणाऱ्या आतल्या पांढुरक्या शिरेत. बियांना तो तिथूनच लागतो. म्हणून नुसत्या बिया झटकून भागत नाही. देठ मोडा, मिरची उभी चिरा, शीर आणि बिया दोन्ही काढा. सात मिरच्या अशा साफ करायच्या, तीन अख्ख्या ठेवायच्या. बोटांना आधी थोडं तेल चोळून घ्या, आणि त्यानंतर तासभर डोळ्यांना हात लावू नका. घरात तान्हं लेकरू असेल तर हे काम दुसऱ्या कोणाला करायला सांगा.

भेदरं पिकलेली, मऊ, आंबट हवीत. वाहतुकीत टिकावी म्हणून जाड सालीची, टणक जात येते, तिच्यात आंबटपणा कमी असतो. परसातली किंवा गावातल्या बाईनं टोपलीत आणलेली, थोडी ओबडधोबड भेदरं या चटणीला फार चांगली. कच्चट हिरवी बाजू असलेली घेऊ नका, चटणीला उग्र वास येतो.

आंबटासाठी व्हिनेगर घेत असाल तर बाटलीवर खाण्याचं आहे हे बघून घ्या. त्यात अॅसिटिक अॅसिड साधारण ४ टक्के असतं. कामासाठी मिळणारं तीव्र अॅसिटिक अॅसिड घरात कुठे असेल तर त्याचा अन्नाशी संबंध येऊ देऊ नका. ते तोंड, घसा भाजतं. मला स्वतःला लिंबू जास्त आवडतं. चिंचही चालते, पण चिंचेनं चटणी काळपट होते आणि चव पुन्हा आपल्या आमटीकडे झुकते.

आता करायला घ्या

मिरच्या आधी पाण्यात विसळून घ्या, वाळवताना बसलेली धूळ निघते. मग एका वाटीत उकळतं पाणी ओतून त्यात बुडवा, वरून बशी झाका. अर्धा तास. मिरची बोटानं दाबली की कातड्यासारखी मऊ लागली पाहिजे. घाईत दहा मिनिटांत काढली तर साल वाटली जात नाही, चटणीत कपटे राहतात आणि दातात अडकतात. हा अर्धा तास वाया जात नाही. तेवढ्यात कणीक मळून होते, सारण चिरून होतं.

भेदऱ्यांच्या बुडाला चाकूनं फुलीसारखी चीर द्या. उकळत्या पाण्यात सोडा. पाच ते सात मिनिटांत चिरेपाशी साल उलगडते, तेव्हा काढा. थंड पाण्यात टाकलं की साल हातानं सुटते. साल काढायचीच, वाटलेल्या चटणीत तिच्या सुरळ्या होतात. शेवटच्या दोन मिनिटांत त्याच पाण्यात लसणाच्या निम्म्या पाकळ्या टाका. उकडलेला लसण गोडसर होतो आणि चटणीला अंग देतो. उरलेला निम्मा कच्चा ठेवायचा, तो तेलात जाईल. सगळा कच्चा घातला तर दुसऱ्या दिवसापर्यंत तोंडाला वास राहतो, सगळा उकडला तर लसण आहे हेच कळत नाही.

यानंतर थांबा. मिरची, भेदरं, लसण हे सगळं कोमट होऊ द्या. गरम गरम मिक्सरमध्ये घातलं तर आतल्या वाफेनं झाकण उडतं आणि मिरचीचा लगदा सरळ तोंडावर येतो. आमच्या शेजारच्या काकूंचा हात आणि मान असं भाजलं होतं, म्हणून हे आवर्जून सांगते.

आधी मिरच्या, उकडलेला लसण, अद्रक आणि मीठ एवढंच वाटा, मिरच्या भिजवलेलं दोन चमचे पाणी घालून. हे पाणी आधी जिभेवर घेऊन बघा. कडवट लागलं तर फेका, साधं पाणी घ्या. मिरची अगदी गंधासारखी झाली की मगच भेदरं घाला आणि एकदोनदा फिरवा. सगळं एकदम घातलं तर भेदऱ्याच्या पाण्यात मिरची नुसती गरगर फिरते, वाटली जात नाही.

आता कढई. तेल एक मोठा चमचा. जवस किंवा फल्लीचं (शेंगदाण्याचं) घाण्याचं तेल वापरत असाल तर त्याचा वास पुढे येतो, म्हणून इथे सोयाबीनचं किंवा कुठलंही कमी वासाचं तेल बरं. तेल तापलं की राहिलेला लसण बारीक चिरून टाका. आच मंद. लसण पांढराच राहून कडेनं किंचित पिवळा दिसला की लगेच वाटण ओता. लाल होईपर्यंत थांबायचं नाही, लाल लसण म्हणजे डाळीची फोडणी. चुलीवर करत असाल तर वाटण ओतण्याआधी जळतं लाकूड थोडं बाहेर ओढा. वाटण तडतडून उडतं.

चार-पाच मिनिटं हलवत शिजवा. पहिल्या मिनिटाला कच्च्या मिरचीचा वास नाकाला झोंबतो, मग तो हळूहळू बसतो आणि कडेला लाल तेल दिसायला लागतं. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही, म्हणून ती लाल कड दिसली की चटणी शिजली समजा. सोया सॉस, साखर आता घाला. चटणी घट्ट वाटली तर अर्धी वाटी गरम पाणी. एक उकळी आली की उतरवा. व्हिनेगर किंवा लिंबू खाली उतरवल्यावरच. लिंबू शिजवलं की त्याचा ताजेपणा जातो.

किती सैल ठेवायची? पिठल्यापेक्षा सैल, रश्श्यापेक्षा घट्ट. चमचा बुडवून उलटा धरला तर पाठीवर पातळ थर राहावा आणि खालून थेंब सावकाश पडावा. थंड झाल्यावर ती आणखी आळते, हे धरून ठेवा.

चव बघण्याचीही रीत आहे

चटणी नुसती चाटून बघू नका. गरम असताना आणि नुसती खाल्ली की ती नेहमीच जास्त खारट, जास्त तिखट वाटते, आणि मग आपण पाणी ओतत बसतो. मोमोची पहिली चाळणी उतरली की एक मोमो फोडा, त्यावर चटणी घेऊन खा. तेव्हा जे कमी वाटेल ते कमी आहे. सोया सॉस घातला असेल तर मीठ जपून वाढवा, तो स्वतःच फार खारट असतो.

क्रम लक्षात ठेवा: आधी मीठ, मग आंबट, गोड सगळ्यात शेवटी. बहुतेक वेळा चटणी सपक लागते तेव्हा मीठ कमी असतं, आणि आपण मिरची वाढवतो. चिमूटभर मिठानं भेदऱ्याची चव वर येते. आंबट पुरेसं झालं की जिभेच्या कडांना पाणी सुटतं. गोड जाणवता कामा नये. ते फक्त आंबटाची धार मोडायला.

जास्त तिखट झाली तर पाणी घालून काही होत नाही. मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. एक भेदरं उकडून, वाटून घाला, किंवा भाजलेल्या तिळाचा नाहीतर शेंगदाण्याचा बारीक कूट दोन चमचे घाला. चव थोडी बदलते पण चटणी वाचते. पाहुण्यांपैकी कोणाला फारच झोंबलं तर पाण्याचा ग्लास देण्यापेक्षा दह्याची वाटी द्या. कच्चा वास राहिला असेल तर पुन्हा कढईत दोन मिनिटं. पातळ झाली तर मंद आचेवर आटवा. गाडीवाले मक्याचं पीठ लावतात तसं लावू नका, चटणी चिकट होते आणि दुसऱ्या दिवशी पाणी सोडते. मिरची किंवा लसण जळून कडू झाला असेल तर मात्र काही करता येत नाही. गुळानं कडूपणा झाकत नाही. नवीन करा.

रंगाचं एक. गाडीवरची चटणी लालभडक दिसते, तशी घरची दिसत नाही म्हणून नाराज होऊ नका. चांगली घरची चटणी विटेच्या रंगाकडे जाणारी लाल असते. फारच वाटत असेल तर भेदऱ्यांसोबत बीटाची एक पातळ चकती उकडा. एकच. दोन घातल्या की चटणी गोडूस आणि जांभळट होते. खाण्याचा रंग घालण्याची काही गरज नाही.

लाइट नसेल तेव्हा

आमच्याकडे ऐन संध्याकाळी लाइट जाते, आणि मोमो तर संध्याकाळीच खायचे असतात. खरं सांगायचं तर मला पाट्यावरचीच चटणी जास्त आवडते. मिक्सर सगळं एकसारखं करून टाकतो. पाट्यावर मिरची गंधासारखी होते आणि भेदऱ्याचे बारीक रवाळ तुकडे राहतात, ते मोमोला धरून राहतात.

पाटा आधी नीट घासा. त्याच्या टाक्यांत कालच्या मसाल्याची हळद, खोबरं बसलेलं असतं. थोडे तांदूळ रगडून फेकले की वास निघतो. मग खडा मीठ आणि लसण आधी ठेवा. मिठाच्या खड्यानं लसण आणि मिरचीला पकड मिळते, घसरत नाहीत. भिजलेल्या मिरच्या दोन-दोन करून घ्या, वरवंटा पुढे ढकलताना जोर, मागे घेताना हलका. मिरच्या होईपर्यंत पाणी एक-दोन थेंबांपेक्षा जास्त नको. भेदरं शेवटी, ती पाट्यावरून वाहून जातात, म्हणून कडेला परात लावा. खलबत्ता असेल तर तोही चालतो, पण चार जणांची चटणी दोन खेपांत करावी लागेल.

आणि चूल पेटलेलीच असेल तर उकडण्याची भानगडच ठेवू नका. भेदरं आणि लसणाचा अख्खा गड्डा चुलीतच भाजा. जाळावर नाही; जाळावर वरून काळं होतं आणि आत कच्चं राहतं. राख झटकलेल्या लाल निखाऱ्यांवर भेदरं फिरवत दहा मिनिटं, साल फुटून रस सुटेपर्यंत. लसणाचा गड्डा कडेच्या गरम राखेत पुरून ठेवा. सुक्या मिरच्या मात्र निखाऱ्यावर टाकू नका, क्षणात जळतात आणि घरभर ठसका लागतो. त्या पाण्यातच भिजवा. भाजलेल्या भेदऱ्याची साल काढा पण काळे डाग सगळे पुसून टाकू नका, थोडा धूर राहू द्या. ही चटणी पुन्हा तेलात शिजवायची नाही. वाटली, मीठ-लिंबू घातलं, दोन काड्या सांबार चिरून टाकला, झालं. पाव्हणे आले की मी हीच करते. नेपाळी पद्धतीच्या जवळ जाणारी हीच. तिकडे तिच्यात टिमूर नावाचे सुगंधी, जिभेला मुंग्या आणणारे दाणे कुटून घालतात. कोकणातलं तिरफळ त्याच कुळातलं, पण दोन्हींचा स्वाद सारखा नाही. आपल्याकडे दोन्ही सहज मिळत नाहीत, तर न घालता करा.

थोडे फेरफार

लाल चटणी हाताशी आली की बाकीचं सोपं आहे.

तिळाची: दोन मोठे चमचे तीळ कोरडे भाजून कुटा आणि अर्ध्या चटणीत मिसळा. त्यात गरम पाणी किंवा कोंबडीचं अळणी पाणी घालून पातळ केलं, लिंबू वाढवलं, की त्यात मोमो बुडवून वाटीतूनच खाता येतात. नेपाळात याला झोल म्हणतात. थंडीच्या रात्री हे फार छान लागतं.

न शिजवता, दोन मिनिटांत: सोया सॉस दोन मोठे चमचे, व्हिनेगर एक, पाणी एक, चिमूट साखर, ठेचलेला लसण, भाजून चुरडलेले तीळ. चीनमध्ये असे उकडलेले पदार्थ बहुतेक सोया सॉस आणि तिथल्या काळ्या व्हिनेगरसोबत खातात, त्याचं हे साधं रूप. मीठ अजिबात नको. तिकडच्या पाककृतीत तिळाचं तेल लिहिलेलं असतं ते भाजलेल्या तिळाचं; आपलं घाण्याचं तेल कच्च्या तिळाचं, त्याला तो वास नसतो. म्हणून तेलाऐवजी भाजलेले तीळच घाला.

संत्र्याची मला विशेष आवडते आणि ती आपल्याकडेच व्हावी अशी आहे. वरच्याच सोया सॉसच्या चटणीत व्हिनेगर आणि साखरेऐवजी एका आंबटगोड संत्र्याचा रस. वरूड, मोर्शी, काटोलकडच्या वाचकांना तर झाडाखाली पडलेलं फळही पुरे. दोन गोष्टी पाळा. फोडीची साल आणि बी काढून मगच हलक्या हातानं पिळा, आणि रस खाण्याच्या वेळीच घाला. संत्र्याचा रस काढून ठेवला किंवा गरम केला की कडवट होत जातो. बी चिरडली तर आणखीच. मिक्सरमध्ये तर घालूच नका.

जवसाची करून बघायची तर भाजलेल्या जवसाची कोरडी पूड शेवटी, वाटीत वाढताना, चमचाभर भुरभुरा. आधी घालून ठेवली तर जवस पाणी ओढून बुळबुळीत होतो आणि चटणीच्या तारा निघतात. मी हे एकदा केलं आणि अख्खी वाटी सांडावी लागली.

लेकरांसाठी गाडीवर पांढरी मेयोनीज देतात. घरी फडक्यात दही बांधून तासभर टांगा, त्या चक्क्यात मीठ, चिमूट साखर आणि लाल चटणीचा एक चमचा फेटा. गुलाबी होते, पोरं वाटी चाटून पुसतात.

मिरचीच्या तेलाचं बऱ्याच जणी विचारतात. स्टीलच्या वाटीत दोन चमचे जाडसर तिखट, चमचाभर तीळ, चिमूट मीठ. अर्धी वाटी तेल तापवून गॅस बंद करा, दोन मिनिटं थांबा, मग तिखटाचे चार दाणे टाकून बघा. फेस येऊन वर तरंगले तर बरोबर, लगेच काळे पडले तर अजून थांबा. मग तीन वेळा करून थोडं थोडं ओता. वाटी कोरडी खडखडीत पाहिजे. तळाशी पाण्याचा थेंब असला तर तेल उसळतं. या तेलात कच्चा लसण घालून बाहेर ठेवू नका. तेलात बुडालेल्या कच्च्या लसणात हवा पोचत नाही, तिथे जीवघेणं विष तयार करणारे जंतू वाढू शकतात, आणि ते वासावरून ओळखू येत नाही. लसण हवाच असेल तर खाताना वरून घाला.

ठेवायची कशी

ही लोणचं नव्हे, मिठा-तेलात मुरलेली नव्हे, तिच्यात पाणी भरपूर आहे. शिजवलेली लाल चटणी फ्रिजमध्ये काचेच्या बरणीत तीन-चार दिवस चांगली राहते. फ्रिज नसेल, किंवा लाइट रोज बरेच तास जात असेल, तर त्याच दिवशी संपेल एवढीच करा. वैशाखात तर दुपारची संध्याकाळी आंबून फसफसते. निखाऱ्यावरची न शिजवलेली चटणी कुठल्याही ऋतूत उरवायची नाही.

जर्मनच्या (ॲल्युमिनियमच्या) गंजात, पितळेच्या किंवा बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात ती ठेवू नका. आंबट धातूला खातं, चव लोखंडी होते आणि पोटालाही बरं नाही. स्टील, काच, चिनीमाती. वाढताना प्रत्येकाला वेगळी लहान वाटी द्या आणि बरणीत कोरडा चमचाच घाला. उष्ट्या मोमोचा एक तुकडा आत पडला की बाकीची लवकर खराब होते.

वाटीत वाढताना चटणी कोमट असावी. फ्रिजमधून काढलेली गार चटणी गरम मोमोला लावली की पारी आवळते आणि तिखटही बोथट लागतं. चाळणीखालच्या गंजातल्या गरम पाण्यात वाटी दोन मिनिटं टेकवून ठेवली की पुरे. उरलीच तर सकाळी आलूबोंड्यासोबत संपते. पाटा मात्र रात्रीच धुवा, थंड पाण्यानं आणि राखेनं. मिरची वाळून टाक्यांत बसली तर दुसऱ्या दिवशी त्यावर वाटलेली लेकराची जायफळाची गुटीसुद्धा तिखट होईल.